मदत हवी आहे: 'दोन लिंबं' असलेली अमेरिकन भोकाची गोळी

नमस्कार मंडळी. प्रश्न गोळ्यांचा आहे, पण त्यावरून आमच्या घरात आठवडाभर आई-बाबांची जुंपली आहे, तेव्हा हसू नका.

१९७९ च्या दिवाळीत मामा अमेरिकेहून पहिल्यांदा मिरजेला आले. आई तेव्हा दहावीत. त्यांच्या बॅगेत बोटाएवढ्या नळ्या होत्या, चांदीच्या कागदातल्या. आत पोलोसारख्या भोकाच्या गोळ्या, पण रंगीत आणि काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. आई नि मावशी त्या चावायच्या नाहीत. भोकात जिभेचं टोक घालून चोखत बसायचं. शेवटी ती कडी इतकी पातळ नि धारदार होई की जीभ कापायची. लाल निघाली की मारामारी. 'बटर रम' लिहिलेली एक वेगळी नळी आजोबांनी नाव वाचून थेट कपाटात कुलपात टाकली.

परवा ऑफिसमधली मैत्रीण न्यू जर्सीहून आली, तिने लाइफ सेव्हर्सची पाच चवींची नळी आणली. आईने पाचही चाखल्या. चेरी तीच म्हणाली, अननस तोच, संत्रं ठीक. उरलेल्या दोन मात्र "या नव्हत्याच. त्यात दोन लिंबं होती, एक पिवळं, एक हिरवं." बाबांचं म्हणणं, एका नळीत दोन-दोन लिंबं कोण घालेल? तुझ्या मामाने काहीतरी दुसरंच आणलं असणार.

आई असंही सांगते की मामांनी मोरीत दिवा घालवून एक पांढरी गोळी दाताने फोडली आणि त्यांच्या तोंडात निळी ठिणगी दिसली. हे ऐकून बाबा उठूनच गेले.

तर गोळी हीच का? चवी बदलल्यात का? आणि दोन लिंबांची नळी आता कुठे मिळेल का? आम्ही शाकाहारी आहोत, तेही लक्षात घ्या.

प्रतिसाद १
आईंचं बरोबर आहे, बाबांना सांगा. गोळी हीच. १९३५ साली ही पाच चवींची नळी निघाली तेव्हा तीत अननस, चेरी, संत्रं, लेमन आणि लाइम होतं. म्हणजे पिवळं आणि हिरवं! घोळ मराठीचा आहे, आपण दोघांनाही लिंबूच म्हणतो. गंमत म्हणजे आपलं कागदी लिंबू हे त्यांचं लाइम, फक्त पिकून पिवळं झालेलं. त्यांचं लेमन जाड सालीचं, वासाला वेगळं.

२००३ मध्ये कंपनीने लेमन, लाइम, संत्रं तिन्ही काढून रासबेरी, कलिंगड आणि ब्लॅकबेरी घातली. पुढे संत्रं परत आलं, ब्लॅकबेरी गेली. लिंबं काही परतली नाहीत. माझ्या मते चुकलंच त्यांचं. कलिंगडाला गोळीत काय चव असते? नुसता गोडवा.

प्रतिसाद २
थोडी भर. मुळात ही फळांची गोळीच नव्हती. ओहायोमधले क्लॅरेन्स क्रेन चॉकलेटवाले. उन्हाळ्यात चॉकलेट वितळायचं, खप पडायचा, म्हणून १९१२ मध्ये त्यांनी पेपरमिंटची कडक गोळी काढली. ती केली औषधाच्या गोळ्या दाबायच्या यंत्रावर. भोकामुळे ती बुडणाऱ्याला फेकतात त्या कड्यासारखी दिसे, त्यावरून हे नाव. पुढच्याच वर्षी त्यांनी या गोळीचे हक्क एडवर्ड नोबल यांना २,९०० डॉलरला विकले! पुठ्ठ्याच्या वेष्टनात गोळ्यांचा वास उडून जायचा. नोबल यांनी पातळ धातूचा कागद गुंडाळला. आईंना आठवणारा चांदीचा कागद तिथून आला. याच नोबल यांनी पुढे एबीसी हे रेडिओचं जाळं उभं केलं. आणि क्रेन यांचा मुलगा म्हणजे कवी हार्ट क्रेन. फळांच्या गोळ्या आधी भरीव होत्या, त्यांना भोक नंतर पडलं. आपली पोलो हे इंग्लंडचं भावंड, १९४८ चं.

प्रतिसाद ३
ठिणगी खरी आहे! ती लाइफ सेव्हर्सचीच विंट-ओ-ग्रीन नावाची गोळी. आमच्या पोरांना दर वर्षी करून दाखवतो. साखरेचा स्फटिक फुटताना प्रकाश पडतो, पण तो बहुतेक अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट तो शोषून निळा करून सोडतं. नुसती खडीसाखर फोडली तरी चमक असते, पण फारच अंधूक. अंधारात पाच-दहा मिनिटं बसून डोळे सरावू द्या, गोळी कोरडी हवी, आरशासमोर तोंड उघडं ठेवून चावा. चव मात्र आयोडेक्स खाल्ल्यासारखी. आई "शी" म्हणाल्या असतील तर तीच ती.

शाकाहाराबद्दल: फळांच्या कडक गोळीत साखर, कॉर्न सिरप, सायट्रिक आम्ल, रंग-स्वाद असतात, जिलेटिन नाही. त्याच नावाच्या मऊ गमी मिळतात, त्यांत जिलेटिन असतं. पाकिटं सारखीच दिसतात, मागची यादी वाचूनच घ्या.

प्रतिसाद १
लिंबासाठी एक सुचवतो. स्किटल्स या चावायच्या रंगीत गोळ्यांनीही अमेरिकेत २०१३ मध्ये लाइम काढून हिरवं सफरचंद घातलं होतं. लोकांनी इतकी वर्षं कुरकुर केली की २०२१ मध्ये लाइम परत आणलं. त्यात लेमनही आहे. म्हणजे दोन्ही लिंबं एका पाकिटात.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. बाबांनी "असेल, असेल" म्हणून पेपर उघडला. आई मात्र विंटरग्रीनवर अडली आहे, तिला त्या वासाचं नाव चाळीस वर्षांनी कळलं.

स्किटल्स कोपऱ्यावरच्या मॉलमध्ये मिळाल्या. पण पाकिटावर लाइमऐवजी हिरवं सफरचंद, इथे बहुतेक दुसरा माल येतो. आईने तरी एक पिवळी तोंडात टाकली. "लिंबू बरंय. पण ही चावून संपते, हिला भोक कुठंय?"

तेव्हा प्रश्न अजून उभाच आहे: लेमन आणि लाइमची, चोखायची, कडक गोळी. तिकडून कुणी येणार असेल आणि दुकानात दिसली, तर इथे लिहा.