माजी पंतप्रधानांसाठी विधानसभेने ठराव करावा का?

काचीगुडेकर

महाराष्ट्र विधानसभेने मार्च २०२५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना भारतरत्न द्यावं, असा ठराव एकमताने केला. तेव्हापासून डोक्यात घोळत असलेला विषय मांडतो. मी बावीस वर्षं हैदराबादेत राहतो. इथल्या, म्हणजे तेलंगणाच्या, विधानसभेने असे ठराव दोन माजी पंतप्रधानांसाठी केले. ८ सप्टेंबर २०२० ला पी. व्ही. नरसिंह रावांसाठी, चंद्रशेखर राव मुख्यमंत्री असताना. आणि ३० डिसेंबर २०२४ ला मनमोहन सिंगांसाठी, रेवंत रेड्डी मुख्यमंत्री असताना. सत्ता बदलली, पक्ष बदलला, तरी सभागृहाने तेच केलं.

माझ्या मते रावांचा ठराव व्हायलाच हवा होता. डिसेंबर २००४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं पार्थिव दिल्लीत काँग्रेस मुख्यालयाच्या फाटकाबाहेरच थांबलं, आत नेलं गेलं नाही. अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. ज्याने १९९१ मध्ये, सोनं परदेशात गहाण पडत असताना आणि तिजोरीत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन असताना, देश हाती घेतला, त्याला त्याच्याच पक्षाने दाराबाहेर ठेवलं. मग त्याच्या मातीतल्या विधानसभेने बोलू नये तर कुणी बोलावं?

डोंगरीवाली

मी बोलते. जानेवारी १९९३ मध्ये मी नववीत होते. आमच्या गल्लीत संचारबंदी होती आणि दूध आणायला कोण जाणार यावरून घरात भांडण झालं, कारण जाणारा परत येईल याची खात्री नव्हती. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईतल्या डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत ९०० माणसं मेल्याची नोंद केली. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशिदीचे घुमट एकेक करून पडत होते तेव्हा दिल्लीत पंतप्रधान कोण होतं?

अर्थव्यवस्थेचं श्रेय द्या, माझी ना नाही. पण भारतरत्न माणसाला मिळतं, एका अर्थसंकल्पाला नाही. २०२० च्या त्या ठरावाला मजलिसने (ओवेसींच्या एमआयएम पक्षाने) विरोध केला आणि त्यांचे आमदार सभागृहापासून दूर राहिले. विरोध करणारे आत नसताना जे झालं त्याला एकमत म्हणायचं? (त्यांनीही आत बसून विरोध नोंदवायला हवा होता, हे माझं स्पष्ट मत आहे. इतिवृत्तात त्यांचा शब्द तरी राहिला असता.)

कलम_आणि_पोटकलम

भावना बाजूला ठेवून आधी कायद्याचं पाहू. भारतरत्नासाठी पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात, त्यात विधानसभेची भूमिका कुठेच नाही. आता ठरावाला वजन नसतंच असं नाही. घटनेच्या कलम १६९ खाली विधानसभेने दोन तृतीयांश मतांनी विधान परिषद नको असं ठरवलं, तर संसद त्यावर कायदा करू शकते. त्या ठरावाला दात आहेत. रावांसाठीचा ठराव ही विनंती आहे, तिला बंधन नाही.

मग ती कशासाठी केली? मार्च २०२१ मध्ये पदवीधर मतदारसंघातून रावांच्या कन्या सुरभी वाणी देवी सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर विधान परिषदेत गेल्या. ठराव आणि तिकीट यांत सहा महिन्यांचं अंतर आहे. पुढे भारतरत्न जाहीर झालं ते ९ फेब्रुवारी २०२४ ला, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, चरण सिंग आणि स्वामिनाथन यांच्याबरोबर. वर्षाला जास्तीत जास्त तीन असा संकेत असताना त्या वर्षी पाच दिले गेले. विधानसभेचा एकेक तास जनतेच्या पैशाने चालतो. तो अशा कामासाठी नाही.

नवोदयची_माजी

मी अमरावतीच्या नवोदय विद्यालयात शिकले. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली ती हरयाणातल्या झज्जरला आणि आमच्या अमरावतीला. तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्री राव होते आणि १९८६ चं शिक्षण धोरण त्यांच्याच खात्याचं. त्याआधी आंध्रात असताना नलगोंडा जिल्ह्यात सर्वैलला त्यांनी निवासी शाळा काढली होती. माझे वडील शेतमजूर. त्या शाळेशिवाय मी आज काय करत असते, ते मला सांगता येत नाही.

दुसरं, हा माणूस महाराष्ट्रालाही परका नव्हता. १९८४ आणि १९८९ ला रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवलं. मराठी उत्तम यायचं, ह. ना. आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. मग मुंबईच्या विधानसभेतून एक शब्द का निघाला नाही? मला खंत वाटते ती याची, तेलंगणाने ठराव केला याची नाही.

काचीगुडेकर

@डोंगरीवाली, तुमचा प्रश्न टाळत नाही. उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयाला मशिदीच्या रक्षणाची हमी दिली होती, आणि आधीच राष्ट्रपती राजवट लावली असती तर घटना मोडली म्हणून ओरड झाली असती, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. तुमचं वाचून ते पुन्हा लिहायला हात अडखळतो. न्यायालयाला दिलेली हमी मोडते आहे हे दुपारभर दिसत होतं.

@कलम, १९९३ च्या अविश्वास ठरावातलं, झामुमोच्या (झारखंड मुक्ती मोर्चाच्या) खासदारांना लाच दिल्याच्या आरोपाचं प्रकरण तुम्ही काढलं नाहीत, ते मीच काढतो. खालच्या न्यायालयाने २००० मध्ये रावांना दोषी धरलं, २००२ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. हेही ठरावाच्या भाषणांत यायला हवं होतं. नेत्याच्या पाठीशी उभं राहायचं तर त्याच्या सगळ्या हिशेबासकट राहावं. पण राजकीय स्वार्थ होता म्हणून ठरावच नको, हे मला पटत नाही. स्वार्थाशिवाय कुठला ठराव होतो? फुल्यांचाही झाला असेल का?

कलम_आणि_पोटकलम

फुल्यांशी तुलना नको. त्यांच्या नावाने कुणाच्या मुलीला तिकीट मिळत नाही. मनमोहन सिंगांचा ठराव मला त्यामानाने स्वच्छ वाटतो. २०१४ मध्ये तेलंगणा राज्याचा कायदा झाला तेव्हा ते पंतप्रधान होते. राज्याने त्याची जाण ठेवली, यात थेट नातं आहे.

नवोदयची_माजी

नातं थेट हवं म्हणता? रावांनी मुख्यमंत्री असताना कमाल जमीनधारणेचा आग्रह धरला आणि जमीनदारांचा रोष ओढवून घेतला. तेलंगणाच्या माणसासाठी याहून थेट काय असतं?

डोंगरीवाली

@काचीगुडेकर, हात अडखळतो म्हणालात, एवढं प्रामाणिक उत्तर मला या विषयावर क्वचित मिळालं. तरी माझं मत बदललेलं नाही. सभागृहात त्या दिवशी कुणी उभं राहून मुंबईतल्या ९०० जणांचा उल्लेख केला असता आणि मग ठराव मंजूर झाला असता, तर मी विरोधात हात वर केला असता, पण बाहेर निघून गेले नसते.