ग्रेनाडात जमिनीवर एकच दिवस: ग्वाव्हला जावे की सेंट जॉर्जेसमध्येच थांबावे?

कुळागरकन्या, फोंडा

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी, माझे यजमान आणि माझे आईवडील असे चौघे कप्तानासह भाड्याने घेतलेल्या शिडाच्या बोटीने ग्रेनेडाइन्स बेटांमधून आठवडाभर फिरून कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा या बेटाला पोहोचणार आहोत. परतीच्या विमानाआधी जमिनीवर घालवण्यासाठी आम्हाला पुरता असा एकच दिवस मिळतो.

बाबांचे सारे आयुष्य सुपारी, मिरी आणि जायफळाच्या कुळागरात गेले. ज्या देशाने आपल्या झेंड्यावर जायफळ काढले आहे, तिथे जाऊन जायफळच न पाहता परतणे त्यांना पटत नाही. त्यांना पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्वाव्ह गावातले जायफळाचे केंद्र पाहायचे आहे. आईचे गुडघे मात्र दुखरे आहेत आणि बोटीतून उतरण्याचीच तिला धास्ती वाटते. हा बेत तिला झेपेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना दर्यावर्दी, वास्को

ताई, बेत झेपण्यासारखा आहे. फक्त त्याची तयारी आदल्या दिवशी व्हायला हवी. परक्या देशाच्या पाण्यात शिरल्यावर बोटीवर पिवळे निशाण लावतात आणि कप्तान एकटा किनाऱ्यावर जाऊन सर्वांचे पासपोर्ट व कागदपत्रे तपासून आणेपर्यंत बाकीच्यांनी बोट सोडायची नसते. हे काम राजधानी सेंट जॉर्जेसला पोहोचल्यावर करायचे म्हटले, तर तुमची निम्मी सकाळ त्यातच जाईल. तुम्ही उत्तरेकडून येणार असल्यामुळे वाटेत ग्रेनाडाचेच कॅरियाकू बेट लागते आणि तिथे टिरेल बे येथे प्रवेशाची नोंद करता येते. 1 जुलै 2024 रोजी बेरिल चक्रीवादळाने त्या बेटाची अतोनात हानी केली होती, म्हणून तिथले कामकाज कसे चालते आहे याची कप्तानाकडून आधीच खात्री करून घ्यावी.

आता आईंविषयी. बोट खाडीत नांगरून रबरी होडीतून किनारा गाठण्याऐवजी त्या रात्रीपुरती सेंट जॉर्जेसच्या पोर्ट लुई मरीनात, म्हणजे बोटींच्या बंदरात, धक्क्याला बांधायला सांगा. पैसे जास्त पडतात, पण आईंना हलत्या होडीत पाय टाकावा लागत नाही. आपल्या मांडवीत भरती-ओहोटीला पाणी दोन मीटरपर्यंत चढते-उतरते. तिकडे हा फरक जेमतेम अर्धा मीटर असतो, त्यामुळे सकाळी ज्या उंचीवरून त्या उतरतील, साधारण त्याच उंचीवरून संध्याकाळी परत चढतील. होडीतूनच जाण्याची वेळ आली, तर त्यांनी काठावर पाय न देता होडीच्या मधोमध द्यावा आणि हात देणाऱ्याने पंजा न धरता मनगट धरावे. ओला पंजा सुटतो, मनगट सुटत नाही.

आठवडाभर बोटीवर राहिल्यावर जमीनही डोलते आहे असे पहिले काही तास वाटत राहते. आईंना याची कल्पना देऊन ठेवा, नाहीतर घेरी आली असे समजून त्या घाबरतील.

मसाल्याची वाट, सावर्डे

बाबांचा हट्ट अगदी योग्य आहे, आणि माझे स्पष्ट मत असे की त्या दिवशी ग्वाव्हखेरीज दुसरे काहीही ठरवू नये. लोक त्याच दिवसात ग्रँड एतांगचे तळे, काँकॉर्डचा धबधबा आणि ग्रँड आन्सचा किनारा कोंबतात आणि कशाचेच समाधान घेऊन येत नाहीत.

मिनीबस स्वस्त आहेत, पण दाटीवाटीच्या असतात. आईंसाठी टॅक्सीच घ्या. भाडे आधी ठरवताना ते कोणत्या डॉलरमध्ये आहे हे विचारायला विसरू नका, कारण तिथले चलन पूर्व कॅरिबियन डॉलर आहे आणि एका अमेरिकी डॉलरला असे 2.70 डॉलर हा बांधलेला दर आहे. केंद्र पाहायचे तर कामाच्या वारीच जावे. जायफळे पाण्यात टाकून पारखण्याची तिथली रीत बाबांनी अवश्य पाहावी: भरलेले फळ तळाशी जाते, पोकळ आणि हलके वर तरंगते.

त्यांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. 7 सप्टेंबर 2004 रोजी आयव्हन चक्रीवादळाने त्या देशातली बहुतांश जायफळाची झाडे आडवी केली. रोप लावल्यावर ते नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षे कळत नाही, आणि नर निघाले तर फळ नाहीच. अशा पिकाची बागायत पुन्हा उभी करणे म्हणजे काय, हे आपल्या कुळागरातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. तिथल्या एखाद्या वृद्ध बागायतदाराशी त्यांची गाठ पडली, तर भाषेची अडचण फारशी जाणवणार नाही.

म्हापसेकर

एक सूचना करतो. बाबांना तिथले बी फोंड्यात आणून लावण्याचा मोह होईल. लागवडीसाठी बिया किंवा रोपे भारतात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. शिवाय जायफळाचे बी सुकले की रुजत नाही, त्यामुळे बाजारातले वाळलेले फळ आणून उपयोगही नाही. परतताना सेंट जॉर्जेसच्या बाजारात थोडी जायपत्री घ्यावी. गाडी असल्यामुळे आईंना फार चालावेही लागणार नाही. काळोख सहाच्या सुमारास झटकन पडतो, म्हणून पाचपर्यंत धक्क्यावर असावे.

कुळागरकन्या, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. कॅरियाकूतली नोंद आणि मरीनातला मुक्काम याविषयी कप्तानाला आजच कळवले आहे. आईला मनगट धरण्याची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा तिने बाबांना तिथल्या तिथे आपले मनगट धरायला लावले आणि उंबऱ्यावरून दोनदा उतरून पाहिले.