मदत हवी आहे: दूध संस्थेच्या डेटाबेसमधला डेटा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थेट कसा आणावा?

पाटाचं_पाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. वडील संचालक मंडळात आहेत, त्यामुळे गळ्यात पडलेलं काम आहे, पगारी नाही.

सुमारे ४०० उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं. काट्यावरून लिटर आणि ॲनालायझरवरून फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) सरळ संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातं, पावती निघते, दहा दिवसांनी बिल निघतं. इथवर सगळं झकास. पण त्यापुढे काही विचारलं की सॉफ्टवेअर हात वर करतं. ठरावीक रिपोर्ट, तेही पीडीएफमध्ये. चेअरमन विचारतात, गेल्या वर्षी याच महिन्यात कोणाचं दूध किती होतं? गायीचं दूध ३.५/८.५ (फॅट/एसएनएफ) च्या खाली किती जणांचं जातंय? मग मी पीडीएफ बघून कॅल्कमध्ये आकडे टाइप करत बसतो.

सॉफ्टवेअरच्या मागे मायएसक्यूएल ५.५ हा डेटाबेस आहे. ते संकलनाच्या विंडोज १० मशीनवरच चालतं. ऑफिसात त्याच राउटरवर दुसरा संगणक आहे, त्यावर लिब्रेऑफिस (कॅल्क हे त्यातलं एक्सेलसारखं शीट, बेस हा डेटाबेसला जोडायचा भाग). एक्सेल नाही आणि संस्था घेणारही नाही, तेव्हा 'एक्सेल घ्या' हा सल्ला कृपया नको.

लिब्रेऑफिस बेसमधून 'असलेल्या डेटाबेसला जोडा' निवडून संकलनाच्या मशीनचा आयपी आणि पोर्ट ३३०६ दिला, तर एरर ११३० येते. या होस्टला जोडायची परवानगी नाही, अशा अर्थाचं काहीतरी. वापरकर्त्याचं नाव नि पासवर्ड अंदाजानेच टाकलाय, कारण खरा फक्त सॉफ्टवेअरवाल्याकडे आहे.

त्याच्याच माणसाने मागे एकदा महिन्याभराची संकलनाची फाइल सीएसव्हीमध्ये काढून दिली होती. त्यात दोन भानगडी. उत्पादकांच्या नावांच्या जागी डोक्यावर टिंबं-रेघा असलेली रोमन अक्षरं दिसतात. आणि गायीच्या फॅटची सरासरी काढली तर ३.८ येते, शीतकरण केंद्राच्या पावत्यांवर मात्र ३.६ च्या आसपास. सचिव म्हणतात केंद्रवाले फॅट मारतात. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय निघणार आहे, म्हणून त्याआधी आकडे पक्के करायचेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सिंटॅक्स_चुकला

११३० आली म्हणजे अर्धं काम झालंय. ही एरर खुद्द मायएसक्यूएल देतो, म्हणजे तुमची हाक त्याच्या दारापर्यंत पोचली. तार, राउटर, फायरवॉल यांत काही अडलेलं नाही. फायरवॉलने अडवलं असतं तर थोडा वेळ वाट बघायला लावून १००६० आली असती. सर्व्हर बंद असता किंवा त्या पोर्टवर ऐकत नसता तर १००६१. आणि नाव किंवा पासवर्ड चुकला की १०४५. अडलं कुठे ते या चार आकड्यांवरून कळतं, मग उगाच सगळं उलटंपालटं करावं लागत नाही.

मायएसक्यूएलमध्ये वापरकर्ता म्हणजे नाव अधिक तो जिथून येतो ती जागा. सॉफ्टवेअरवाल्याचा वापरकर्ता फक्त 'लोकलहोस्ट'साठी (म्हणजे त्याच मशीनवरून येणाऱ्यासाठी) बनवलेला असणार, म्हणून बाहेरून कोणी आला की दारातूनच परत. तुम्हाला नवीन वापरकर्ता हवा, ऑफिसच्या संगणकाच्या आयपीपुरता आणि त्या एकाच डेटाबेसवर फक्त 'सिलेक्ट'चा (वाचण्याचा) अधिकार असलेला. इन्सर्ट, अपडेट, डिलीट काहीही नको. बेसमध्ये टेबल उघडलं की ते शीटसारखं दिसतं आणि खाण्यात टाइप केलं की थेट डेटाबेसमध्ये बदलतं. कोणाचा हात लागून ४.० ची ६.० फॅट झाली तर बिलात तेवढे पैसे जातील.

ऑफिसच्या संगणकाचा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून घ्या. नाहीतर वीज जाऊन आली की राउटर दुसराच आयपी देईल आणि पुन्हा ११३०.

रात्रपाळी

सॉफ्टवेअरवाल्याच्या पाया कशाला पडायचं? सर्व्हिस बंद करायची, 'स्किप ग्रँट टेबल्स' (परवानग्या न तपासण्याची सोय) लावून चालू करायची, रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड बदलायचा. काम फत्ते.

टेबललॉक

@रात्रपाळी, आणि संध्याकाळी दुधाची रांग लागली की काय करायचं? तसली सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा त्याच रूटने आत शिरतात. पासवर्ड बदलला की संकलन बंद, आणि वार्षिक देखभालीचा करारही त्याच दिवशी संपला म्हणायचा.

धागाकर्ते, सरळ मार्गाने जा. डेटा संस्थेचा आहे. सचिवांच्या सहीने लेटरहेडवर पत्र द्या: अमुक आयपीवरून फक्त वाचण्याचा अधिकार असलेला एक वापरकर्ता करून द्यावा. लेखी मागणीला सहसा नाही म्हणत नाहीत, तोंडी सांगितलं की 'बघतो' म्हणतात.

दुसरं. टेबलं कुठल्या इंजिनवर (डेटा साठवायच्या पद्धतीवर) आहेत ते विचारून घ्या. ५.५ पासून इनोडीबी हे आपोआप येणारं इंजिन आहे, पण जुनी सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं मायआयसॅमच वापरत आली. मायआयसॅममध्ये कुलूप अख्ख्या टेबलाला लागतं. तुमची मोठी क्वेरी वाचत बसली की संकलनाच्या नव्या नोंदी खोळंबू शकतात. म्हणजे तुम्ही कॅल्कमध्ये रिफ्रेश दाबणार आणि काट्यावरची पावती अडणार, आणि लोक शिव्या ऑपरेटरला घालणार. रिफ्रेश दुपारीच करा. त्याहून बरं म्हणजे दुपारी डंप (अख्ख्या डेटाची नक्कल) काढून ऑफिसच्या संगणकावरच्या वेगळ्या मायएसक्यूएलमध्ये चढवा आणि विश्लेषण तिथेच करा. तो बॅकअपही होईल. आत्ता बॅकअप कुठे असतो?

पाटाचं_पाणी (धागाकर्ता)

बॅकअप त्याच मशीनच्या डी ड्राइव्हला असतो. :( वाचल्यावर मलाच कसंतरी झालं. पेनड्राइव्हवर काढायला सुरुवात केलीय.

पत्राचा उपाय लागू पडला. सॉफ्टवेअरवाल्याने आधी जास्तीचे पैसे मागितले, पत्र बघितल्यावर फोनवरच रिमोट घेऊन वापरकर्ता करून दिला. टेबलं मायआयसॅमच आहेत, टेबललॉक यांचा अंदाज बरोबर.

बेसमध्ये मायएसक्यूएल निवडल्यावर तीन वाटा दिसल्या: ओडीबीसी, जेडीबीसी आणि थेट. थेट निवडलं आणि पहिल्या झटक्यात टेबलांची यादी आली. पण संकलनाचं टेबल कॅल्कमध्ये ओढलं तर मशीन पार गारठलं.

सिंटॅक्स_चुकला

थेट वाट घेतलीत ते बरं केलंत. जेडीबीसीला जावा आणि कनेक्टरची जार फाइल लागते. ओडीबीसीत ३२ बिटचं ऑफिस असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच हवा. त्यात मायक्रोसॉफ्टचा विनोद असा की ६४ बिटची ओडीबीसी खिडकी 'सिस्टिम ३२' नावाच्या फोल्डरात असते आणि ३२ बिटची 'सिसवाव ६४' मध्ये.

अख्खं टेबल ओढू नका. ४०० उत्पादक गुणिले दोन सत्रं गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला २,९२,००० ओळी. कॅल्कच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. साडेतीन वर्षांत शीट भरली, आणि मशीन त्याच्या कितीतरी आधी मान टाकेल. बेरजा डेटाबेसला करू द्या. बेसमध्ये क्वेरी लिहा: उत्पादक कोड, वर्ष, महिना, दशक (तारीख १० पर्यंत पहिलं, २० पर्यंत दुसरं, बाकी तिसरं), सत्र आणि गाय/म्हैस यांवर गट पाडा आणि लिटरची बेरीज घ्या. 'एसक्यूएल थेट चालवा' हे बटण दाबून ठेवा, नाहीतर बेस मायएसक्यूएलची काही फंक्शनं स्वतःच वाचायला जातो आणि अडतो.

मग बेसची फाइल नोंदवून घ्या (विझार्ड शेवटी विचारतोच). कॅल्कमध्ये पिव्होट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता) घालताना 'लिब्रेऑफिसमध्ये नोंदवलेला डेटा स्रोत' असा पर्याय येतो, तिथे ही क्वेरी निवडा. ओळी शीटवर उतरतच नाहीत, थेट पिव्होट तयार होतं.

कोकमसार

नावांबद्दल. त्या ठिकाणी प्रश्नचिन्हं दिसत असती तर दोष जोडणीचा म्हटला असता, युनिकोड वाटेत हरवलं असा. टिंबं-रेघांची रोमन अक्षरं म्हणजे नावं युनिकोडमध्ये नाहीतच, श्रीलिपी किंवा सीडॅकच्या सुरेखसारख्या जुन्या फॉन्टच्या कोडात साठवलीयत. सॉफ्टवेअर तो फॉन्ट लावून मराठी दाखवतं, आत मात्र वेगळीच अक्षरं. कॅल्कमध्ये तोच फॉन्ट लावलात तर नावं वाचता येतील, पण शोध आणि क्रम दोन्ही गंडलेले राहतील. 'अ' पासून क्रम लावायला गेलात तर काहीतरी भलताच क्रम लागेल.

सॉफ्टवेअरच्या टेबलात हात घालून नावं बदलू नका, पावत्यांवर कचरा छापून येईल. ४०० नावं आहेत ना? एक वेगळी शीट करा, एका रकान्यात उत्पादक कोड, दुसऱ्यात युनिकोडमध्ये नाव. विश्लेषण कोडवर चालवा आणि नाव व्हीलूकअपने आणा. दोघांनी बसून टाइप केलं तर एका दुपारचं काम. आमच्या पतसंस्थेत हेच केलं. फॉन्ट कन्व्हर्टरच्या नादी लागलो होतो, पण जोडाक्षरं आणि रफार तपासायला तेवढाच वेळ गेला.

म्हैसधारक

सगळे वायरी जोडण्यात गुंतलेत. मीटिंगमध्ये भांडण होणार आहे ते फॅटवरून, त्याचं काय?

धागाकर्ते, ती ३.८ सरासरी तुम्ही फॅटच्या रकान्याला ॲव्हरेज लावून काढली असणार. तशी काढायची नसते. एका उत्पादकाचं उदाहरण घ्या. सकाळी १२ लिटर, फॅट ३.४. संध्याकाळी ४ लिटर, फॅट ४.२. साधी सरासरी ३.८. पण कॅनमध्ये दूध एकत्र ओतल्यावर? १२ गुणिले ३.४ म्हणजे ४०.८, ४ गुणिले ४.२ म्हणजे १६.८, बेरीज ५७.६, भागिले १६ लिटर. ३.६ येते. केंद्राचा नमुना अशा एकत्र झालेल्या दुधाचा असतो.

हे सगळ्यांच्याच बाबतीत एकाच दिशेला झुकतं. रात्रीचं अंतर मोठं, म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. संध्याकाळी उलटं. साध्या सरासरीत संध्याकाळच्या थोड्या दुधाला सकाळच्या भरपूर दुधाइतकंच वजन मिळतं आणि आकडा फुगतो. केंद्रवाले मारत नाहीत असं माझं म्हणणं नाही, पण आधी आपला आकडा नीट काढा, मग भांडायला जा.

कॅल्कच्या पिव्होटमध्ये एक्सेलसारखं कॅल्क्युलेटेड फील्ड नाही. म्हणून क्वेरीतच 'लिटर गुणिले फॅट' आणि 'लिटर गुणिले एसएनएफ' यांच्या बेरजा घ्या आणि भागाकार पिव्होटच्या बाहेरच्या रकान्यात करा. गाय आणि म्हैस वेगळं ठेवा, म्हशीचं ६.०/९.० वालं दूध मिसळलं तर आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आणि केंद्राची पावती लिटरमध्ये आहे की किलोत, ते बघा. दुधाची घनता १.०३ च्या आसपास, म्हणजे १००० लिटर दूध काट्यावर १०३० किलो भरतं. पावती किलोत असेल तर १.०३ ने भागून मगच तुमच्या लिटरशी ताडा.

पाटाचं_पाणी (धागाकर्ता)

म्हैसधारक, तुम्हाला साष्टांग. सांगितल्याप्रमाणे क्वेरी बदलली. गायीची फॅट महिन्याला ३.६२ येते. पावत्यांशी तंतोतंत नाही, पण भांडण्याइतका फरक राहिला नाही. सचिवांना आकडे दाखवले, ते 'बघू' म्हणाले. पावती किलोतच होती.

सकाळ-संध्याकाळ वेगळं काढल्यावर एक नवीन गोष्ट दिसली. पंधरा-वीस कोड असे आहेत की ज्यांची सकाळची फॅट संध्याकाळपेक्षा कायम जास्त. आता ते कोण, हे बघायला नावांची शीट पूर्ण करावी लागेल. निम्मी झालीय.

दोन शंका राहिल्यात. काही ठिकाणी फॅट ३.७ ऐवजी ३.७००००००४७६८३७२ अशी दिसते, हे काय? आणि फाइल ईमेलने चेअरमनना पाठवली तर त्यांच्याकडे आकडे दिसतील का?

सिंटॅक्स_चुकला

फॅटचा रकाना फ्लोट प्रकारचा आहे. ३.७ बायनरीत नेमका बसत नाही, जवळचा आकडा साठवला जातो आणि कॅल्क तो जास्त अचूकतेने दाखवतो. क्वेरीत फॅट एका दशांशापर्यंत राउंड करून घ्या. गुणाकाराच्या आधी करा, बेरजेनंतर नको.

पिव्होटचे आकडे फाइलमध्ये साठवलेले असतात, त्यामुळे चेअरमनना दिसतील. फक्त त्यांच्या मशीनवर रिफ्रेश होणार नाही, तिथे ना तुमची बेसची फाइल आहे ना तुमचा राउटर. कुठे ओढून आणलेली रेंज असेल तर 'रेंज ठरवा'मध्ये 'आयात केलेला डेटा साठवू नका' यावर खूण नाही ना, तेवढं पाहा, नाहीतर त्यांना रिकामी शीट मिळेल.

म्हैसधारक

ते सकाळची फॅट जास्तवाले कोड लगेच नावानिशी मीटिंगमध्ये काढू नका. काहीजणांकडे दोन धारांमधलं अंतर उलटं असतं, संध्याकाळची धार उशिरा आणि सकाळची लवकर. आधी त्यांच्या पावत्यांवरची वेळ बघा, टेबलात वेळेचा रकाना असेलच.

पाटाचं_पाणी (धागाकर्ता)

आहे, वेळेचा रकाना आहे. उद्या दुपारी, रांग नसताना, काढतो.