कतार म्हणजे स्वर्ग, आपण शिकावं? (जरा लांबलंय, चहा घेऊन बसा)

चिपळूणचा_डक्टवाला
काल एकाने इथं लेख टाकलाय, ‘छोटा देश मोठी झेप’ टाइप. कतारमध्ये इन्कम टॅक्स नाही, वीज पाणी फुकट, शिक्षण दवाखाना फुकट, गुन्हे नाहीत, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, आपल्या नेत्यांनी शिकावं. तीनशे लाइक्स. मी ११ वर्षं दोह्यात, म्हणजे कतारच्या राजधानीत, एसीच्या हवेचे पत्र्याचे डक्ट बसवायचं काम केलंय, २००८ ते २०१९, त्यामुळे गप्प बसवेना.

अरे बाबा, वीज पाणी फुकट कोणाला? कतरी माणसाला, म्हणजे तिथल्या नागरिकाला. त्याला घराला जमीनही मिळते आणि वर बिनव्याजी कर्जही. पण देशात लोक साधारण तीस लाख, त्यात कतरी दहातला जेमतेम एक, बाकी आपण, नेपाळी, बांगलादेशी, फिलिपिनो, इजिप्तवाले. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून होतात त्याहून लहान देश, आणि समुद्राखाली जगातलं सगळ्यात मोठं गॅसचं फील्ड, इराणबरोबर वाटून घेतलेलं. एवढं घबाड तीन-साडेतीन लाखांत वाटायचं असेल तर आमच्या ग्रामपंचायतीचा सरपंचही देश चालवून दाखवेल. शिकायचं काय यातून? जमिनीखाली गॅस असावा हे?

आणि माझं सांगतो. २०१३ ला वडील गेले. तिकीट मित्राने काढलं, पण देश सोडायच्या एक्झिट परमिटवर कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाची, सही लागायची, कफील लंडनला, मंदूब (कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा) म्हणाला शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी बघू. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. अग्नी चुलतभावाने दिला. हे त्या लेखात कुठे बसवायचं सांगा.

दोहाकर_७४
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही २०१३ चं कतार आज विकताय. एक्झिट परमिट २०१८ मध्ये बहुतेकांचं गेलं. २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाची एनओसी (ना-हरकत पत्र) लागणं बंद झालं, किमान पगार ठरला, २०२१ पासून लागू, १००० रियाल आणि राहण्या-जेवणाचे वेगळे ८००. उन्हाळ्यात १० ते साडेतीन बाहेरची कामं बंद. मेट्रो आहे. मी १४ वर्षं आहे, अजून पोरं इथंच शाळेत.

आणि स्पष्ट बोलतो, राग नको. चिपळूणचा बंगला कोणत्या पैशाचा? रियालचा ना? खाल्ल्या घरचे वासे किती मोजायचे.

चिपळूणचा_डक्टवाला
बंगला नाही, दोन खोल्या वाढवल्या, आणि २०२१ च्या पुरात खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं, ते पण लिहा. पैसा फुकट दिला नाही कोणी, ४८ डिग्रीत गच्चीवर पत्रा वाकवून घेतला. एनओसी कागदावर गेली म्हणता, पण नोकरी सोडतो म्हटल्यावर फरार म्हणून तक्रार ठोकतात त्याचं काय? माझ्या रूममेटवर ठोकली होती. आणि या सुधारणा २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचे कॅमेरे आले म्हणून झाल्या, मनात आलं म्हणून नाही.

दोहाकर_७४
कारण काहीही असो, झाल्या ना? आपल्याकडे कॅमेरे येऊनही होत नाहीत.

जुनं_नाणं
दोघांनाही थोडं मागे नेतो. हे लोक कायम श्रीमंत नव्हते हो. तेलाआधी सगळा देश मोत्यांवर, उन्हाळाभर पोरं श्वास कोंडून समुद्रात बुड्या मारायची, कर्ज बापाचं मुलाच्या डोक्यावर. मोती विकायला यायचे कुठे तर आपल्या मुंबईत. मग जपान्यांनी शिंपल्यांची शेती करून मोती काढले, १९३० च्या आसपास धंदा बसला, लोक देश सोडून गेले. कतारमधल्या दुखानला तेल सापडलं १९३९-४० ला, पण महायुद्धामुळे निर्यात १९४९ ला. चलन तर आपला रुपया! १९५९ पासून रिझर्व्ह बँक खास आखाताची वेगळी नोट छापायची, १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि त्यांनी तो सोडला. १९७१ ला इंग्रज गेले, त्याच वर्षी ते गॅसचं फील्ड सापडलं, आणि तेव्हा कंपनीवाले हिरमुसले होते म्हणे, की तेल नाही नुसता गॅस.
गंमत म्हणजे नव्वदीत द्रवरूप गॅसचं पहिलं जहाज गेलं ते जपानलाच. मोती बुडवणाऱ्यालाच गिऱ्हाईक केलं. याला नशीब म्हणा, पण कर्ज काढून ते प्लांट बांधायची हिंमत नशीब नाही. शेजारीही गॅस होता, सगळ्यांना जमलं नाही.

दोहाकर_७४
+१. आणि तो गॅस आपल्या गुजरातमधल्या दहेज बंदरात उतरतो, २००४ पासून, आता करार २०४८ पर्यंत वाढलाय. युरिया गॅसपासूनच बनतो, म्हणजे टीका करणाऱ्यांच्या युरियातही कतार आहे.
तयारी म्हणाल तर २०१७ बघा. ५ जूनला, ऐन रमजानात, सौदी, यूएई, बहरीन, इजिप्तने नाकेबंदी केली. जमिनीवरून रस्ता एकच, सौदीचा, तो बंद. त्या दिवशी मी हायपरमार्केटमध्ये होतो, दूध आणि चिकनचे रॅक तासाभरात मोकळे. आठवड्यात तुर्कीचं दूध हजर, आणि महिना-सव्वा महिन्यात विमानातून गायी! बुडापेस्टवरून १६५ होल्स्टीन, म्हणजे आपल्याकडची एचएफ. आता अल खोरकडे वाळवंटात वीस हजारांच्या वर जनावरं, एसी गोठे, दुधात देश स्वावलंबी. हे शिकायला काय हरकत आहे?

संगमनेर_गोठा
थांबा थांबा. गायीवर आलात तर आम्ही बोलणार.
एसी गोठा म्हणे. ती एचएफ थंड देशातली गाय, पंचवीस डिग्रीच्या वर धापा टाकते, तिला ५० डिग्रीत ठेवायची म्हणजे दिवसरात्र पंखे, फॉगर (पाण्याचे बारीक फवारे), चारा जहाजाने, पाणी समुद्राचं गोडं करून. एक लिटरचा खरा खर्च काय येतो ते कोणी सांगेल का? माझ्या १८ गायी आहेत. जुलै २०२३ मध्ये सरकारने साडेतीन फॅट साडेआठ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) दुधाला लिटरमागे ३४ रुपये जाहीर केले, दिवाळीला माझ्या हातात २६ पडले. मग ५ रुपये अनुदान, त्याला गायीच्या कानात बिल्ला, बिल्ल्याची ऑनलाइन नोंद, नोंदीत चूक, चुकीला अर्ज. पाच महिने थांबलो. तिकडे सरकार गायीला विमानाचं तिकीट काढतं, आणि इकडे आम्ही डेअरीच्या दारात डिग्री (दुधाच्या घट्टपणाचं माप) लागली नाही म्हणून दूध परत घेऊन येतो.

चिपळूणचा_डक्टवाला
भाऊ, विषय कतारमधल्या कामगारांचा होता.

संगमनेर_गोठा
आम्ही पण कामगारच आहोत, आमचा कफील दूध सोसायटीचा चेअरमन आहे.

दोहाकर_७४
😂 हे मान्य. पण गायी सरकारने नाही आणल्या, खाजगी कंपनीने आणल्या.

संगमनेर_गोठा
नाकेबंदीत सरकारी पाठबळाशिवाय उडाल्या का त्या? आणि स्वावलंबी कसलं, चारा बाहेरचा, गाय बाहेरची, धार काढणारा बाहेरचा. फक्त पिणारा तिथला.

जुनं_नाणं
पिणारापण नव्वद टक्के बाहेरचाच की :)

पुनर्वसू_सिस्टर
मी नर्स, ९ वर्षं होते, आता नाशिकला. तुम्ही सगळे पुरुष दूध आणि गॅसवरच भांडताय. मला विचाराल तर रात्री दोनला ड्युटी संपवून एकटी घरी यायचे, मागे वळून बघावं लागलं नाही. नाशिकमध्ये दहाला रिक्षात बसले की मिस्टरांना लोकेशन पाठवते. म्हणून त्या लेखातलं गुन्ह्यांचं वाक्य मला खोटं नाही वाटलं, डक्टवाले दादा.
पण लेकीचा जन्म तिथला, बोलायला लागली तीच अरबी-हिंदी-मराठी मिसळ करून, तरी तिचं तिथं काहीच नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला, की शाळा गेली. नागरिकत्वाला कायद्यात २५ वर्षं आहेत, पण मी कोणाला मिळालेलं पाहिलं नाही. कतरी बाईने परदेशी नवरा केला तर तिच्या मुलांनाही आपोआप मिळत नाही, माझ्या वॉर्डातल्या एका कतरी बाईंनीच डोळ्यात पाणी आणून सांगितलं होतं.

जुनं_नाणं
एकाला मिळालं सिस्टर. पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनना. २०१० मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी.

पुनर्वसू_सिस्टर
म्हणजे मला अजून ५० वर्षं आहेत.

दोहाकर_७४
हुसेनचा विषय नको प्लीज, धागा पेटेल. नागरिकत्वाचं मात्र मान्य, तिथं आम्ही कायम पाहुणेच. माझा मोठा पुढच्या वर्षी अठराचा होईल, घरात रोज हाच विषय. पण पाहुणचार चांगला आहे एवढंच म्हणणं.

चिपळूणचा_डक्टवाला
पाहुण्याचा पासपोर्ट यजमान कपाटात ठेवत नाही हो.
असो. सिस्टर, सुरक्षिततेचं तुमचं खरं, ते मी लिहायला हवं होतं. माझी बायको कधी तिथं आलीच नाही, कामगारांच्या बॅचलर कॅम्पमध्ये राहणाऱ्याला फॅमिली व्हिसा मिळत नव्हता, त्यामुळे बाईमाणसाच्या नजरेने ते शहर मी बघितलंच नाही. आणि दोहाकर, किमान पगाराचं मान्य, १००० रियाल म्हणजे वीस हजारांच्या वर रुपये, तुमच्या पोराच्या शाळेची महिन्याची फी त्याहून जास्त असेल. पण ‘शिका’ हे तरीही मान्य नाही.

दोहाकर_७४
फीवर नका जाऊ, दुखरी नस आहे.

संगमनेर_गोठा
तुमचं मिटत आलं असेल तर एक विचारू का. डक्टवाले दादा, तुम्ही एसीचं काम केलंय म्हणता. माझा गोठा ६० बाय ३०, पत्रा, उंची बारा फूट. मार्चपासून दूध दोन-अडीच लिटरने पडतं दर गायीमागे. फॉगर लावले तर खाली चिखल होतो आणि कासदाह वाढतो. काय करावं?

चिपळूणचा_डक्टवाला
फॉगर नका लावू, दमट हवेत गाय अजून धापा टाकेल. पत्र्याला वरून पांढरा चुना मारा, कडेची उंची वाढवता येते का बघा, पंखे सगळे एकाच दिशेने लावा, समोरासमोर नको. फोटो टाका, वारा कुठून येतो ते पण लिहा.

संगमनेर_गोठा
धार काढून झाली की टाकतो. साडेसहापर्यंत.