वाय-फाय जोडलंय पण नेट नाही: फोन दुकानात न्यायची घाई कशाला?

केळीपट्टा, रावेर

मंडळी, वाद होणारच आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. वाय-फायच्या खुणेशेजारी उद्गारचिन्ह आलं आणि खाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट' दिसलं की आपल्याकडचा माणूस फोन खिशात टाकतो आणि थेट स्टँडसमोरचं मोबाइलचं दुकान गाठतो. दुकानदार फोन उलटसुलट करून म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागंल." मग फोन रीसेट. पोराच्या जावळाचे फोटो गेले, सातबाऱ्याच्या पीडीएफ गेल्या, पैसेही गेले. घरी येऊन बघावं तर उद्गारचिन्ह जागच्या जागी.

माझं म्हणणं असं की या दुखण्यात फोनवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

ती खूण फोन मनाने दाखवत नाही. वाय-फायला जोडला गेला की अँड्रॉइड फोन गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो. तिकडून '२०४' हा कोड, म्हणजे 'पोचलं, पण द्यायला काही नाही' असं कोरं उत्तर आलं की फोन समजतो, नेट चालू आहे. आयफोन ॲपलच्या एका पानावर 'सक्सेस' एवढा शब्द शोधतो. उत्तर आलंच नाही की उद्गारचिन्ह. म्हणजे फोन ते घरातला वाय-फायचा डबा (राउटर) हा रस्ता बहुतेक वेळा ठीक असतो, अडलेलं असतं पुढे. शेतापर्यंत चारी साफ आहे पण पाटालाच पाणी सुटलेलं नाही, अशी ती गत. तिथे चारी उकरून काय होणार?

दोन गोष्टी करा. त्याच वाय-फायवर घरातला दुसरा फोन लावून बघा. मग तुमचा फोन शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर लावून बघा. दुसऱ्या फोनलाही नेट नसेल आणि तुमचा फोन हॉटस्पॉटवर मजेत चालत असेल, तर दुकानाची पायरी चढू नका. फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. लाइन जुळल्याची खूण असलेला 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर हवा. 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही, म्हणजे बाहेर वायर तुटलीय किंवा दबलीय. आपल्या भागात त्याला कारणं कमी आहेत का? केळीने भरलेला ट्रक गल्लीत शिरला की लोंबकळणारी वायर ओढून नेतो. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात, तिथे खांबावरच्या वायरीचं काय घेऊन बसलात!

तारवाला, यावल

भाऊ, मी लाइनीवरच काम करतो, त्यामुळे शिव्या कुठून कुठून येतात ते मला विचारा. तुमचं वाचून लोक फोनला हात लावणार नाहीत आणि सकाळी चहाच्या आधी मला फोन लावतील: "लाइन बंद शे, ये लवकर."

परवाचंच सांगतो. फैजपूरकडचं घर. 'पॉन' हिरवा, 'लॉस' विझलेला, टीव्हीवर मालिका चालू. घरातले सगळे फोन चालतात, थोरल्याचा तेवढा चालत नाही, आणि तो दारातूनच ओरडतोय की तुमची लाइन भंगार आहे. फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' उघडलं (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता कुठल्या सर्व्हरला विचारायचा, ते तिथे ठरतं). तिथे जाहिराती बंद करायचा कुठलासा पत्ता टाकलेला. कुठल्यातरी व्हिडिओत बघून टाकला आणि विसरून गेला. ही सोय अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. तिथे पत्ता हाताने टाकला आणि तो सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तर फोन दुसरीकडे विचारत नाही, हटून बसतो. 'ऑटोमॅटिक' केलं, नेट आलं. तोवर साहेबांनी आमच्या ऑफिसात तक्रार नोंदवून ठेवली होती.

तारखेचंही तसंच. पोरं गेममध्ये फुकटच्या 'लाइफ' मिळवायला फोनची तारीख पुढे ढकलतात आणि तशीच ठेवतात. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, फोनच्या हिशेबाने ती उलटून गेलेली. मग एकही साइट धड उघडत नाही. यात लाइनवाल्याने काय करायचं?

तेव्हा माझं मत उलटं. आधी स्वतःच्या फोनची सेटिंगं बघा, मग मला बोलवा.

केळीपट्टा, रावेर

तारवाला दादा, तुमच्या पहिल्याच उदाहरणात घरातले बाकीचे फोन चालत होते. म्हणजे माझ्या पहिल्याच परीक्षेत लाइन सुटली, फोन सापडला. आणि प्रायव्हेट डीएनएसचं दुखणं मोबाइल डेटावरही त्रास देतं, हॉटस्पॉटवरही देतं. मग तुम्ही माझ्या विरोधात आहात की बाजूने?

तारवाला, यावल

विरोधातच. लोक तुमच्या दोन परीक्षा करत नाहीत, फक्त तुमचा मथळा वाचतात.

बाई, शहादा

मी शाळेत शिकवते. तुम्ही दोघं भांडता ते ठीक, पण मला एक कळत नाही: डबा बंद करायचा, वीसपर्यंत अंक म्हणायचे, चालू करायचा. आमच्याकडे याने काम होतं. पुढचं पुराण हवंय कशाला? प्रशिक्षणाला हॉल भरलेला असतो, मागे बसलेल्या मॅडमच्या फोनवर 'आयपी पत्ता मिळवत आहे' एवढंच फिरत राहतं. मी डबा बंद-चालू करते, काम झालं. तेवढ्यात पॉन-लॉस कोण बघत बसणार?

होस्टेलवाला, जळगाव

मॅडम, आदर ठेवून सांगतो, काम होतं खरं, पण ज्यांचं चालू होतं त्यांचंही दरवेळी तुटतं. तुमच्याकडे होतंय ते असं. राउटर प्रत्येक फोनला एक आकडी पत्ता देतो, १९२.१६८.१.२ वगैरे. किती पत्ते द्यायचे ते राउटरमध्ये ठरवलेलं असतं, आणि दिलेला पत्ता बऱ्याच राउटरवर २४ तास त्याच फोनच्या नावावर राहतो, फोन घरी गेला तरी. सकाळच्या तुकडीने पत्ते अडवले, दुपारच्या तुकडीला उरले नाहीत. तुम्ही डबा बंद केला की यादी पुसली जाते. राउटरच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी लीज टाइम' असतो, तो एक तासावर आणा आणि पत्त्यांची संख्या वाढवा. मग अंक म्हणायला नकोत.

माझं स्वतःचं वेगळंच झालं होतं. होस्टेलवर फोनचा मॅक पत्ता, म्हणजे वाय-फायवर फोन ओळखायचा त्याचा स्वतःचा क्रमांक, लिहून द्यावा लागतो. मी 'अबाउट फोन'मध्ये दिसला तो लिहून दिला. पासवर्ड घेतला गेला, वाय-फाय जोडलं गेलं, नेट शून्य. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतो, पाळत ठेवता येऊ नये म्हणून. सोय चांगली आहे, पण वॉर्डनच्या यादीत तो बनावट पत्ता कुठून असणार? त्या वाय-फायच्या नावापुढचं चाक दाबून 'प्रायव्हसी'मध्ये 'यूज डिव्हाइस मॅक' केलं, लगेच चालू. दुकानात नेला असता तर त्याने नक्की सॉफ्टवेअर मारलं असतं. त्यामुळे मी केळीपट्टा भाऊंच्या बाजूने, जरी दोष फोनच्या सेटिंगचा होता तरी.

बाई, शहादा

लीज टाइमचं सोमवारी बघते. पण राउटरचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या सरांकडे आहे.

पांझराकाठ, धुळे

अरे भो, आमना गावमा लाइटच ऱ्हास नही, अन् तुम्ही डीएनएसन्या गप्पा मारी राहिनात!

थट्टा सोडा, पण लाइटचा मुद्दा कोणीच काढला नाही याचं नवल वाटलं. घरात इन्व्हर्टर आहे, डबा त्यावर चालतो, वाय-फायच्या दांड्या पूर्ण. पण चौकातल्या पेटीत, जिथून आपल्या गल्लीला लाइन येते, तिथली बॅटरी मेलेली असली की सगळ्या गल्लीचं नेट गेलं. घरातला माणूस म्हणतो, "माझ्याकडे तर लाइट आहे!" तुझ्याकडे आहे रे, पेटीकडे नाही. आणि पत्र्याच्या खोलीत माळ्यावर डबा ठेवणाऱ्यांना तर हात जोडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. डबा तापून गप्प पडतो, संध्याकाळी आपोआप सुधारतो. त्यालाही लोक करणी झाल्यासारखे बघतात.

भुसावळ जंक्शन

स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर उद्गारचिन्ह दिसलं की घाबरू नका. तिथे आधी मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो, तोवर नेट उघडतच नाही. लॉगिनचं पान कधीकधी आपोआप येत नाही, कारण हल्ली जवळपास सगळ्या साइट 'एचटीटीपीएस'वर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर आहेत आणि तसल्या पानाला मधेच वळवता येत नाही. 'नेव्हर एसएसएल डॉट कॉम' असं ब्राउझरमध्ये टाका. ते मुद्दाम साधं ठेवलेलं पान आहे, त्यावरून लॉगिनवर पोचता. आणि हो, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारं ॲप) चालू असेल तर आधी बंद करा.

तारवाला, यावल

जंक्शन भाऊंनी बरं आठवण करून दिली. घरीही रिचार्ज संपला की नेमकं असंच होतं. वाय-फाय जोडलेलं, पैसे भरायचं पान यायला हवं ते येत नाही, फक्त उद्गारचिन्ह. पुष्कळदा मी जातो आणि निघतं काय तर प्लॅन काल रात्री संपला. हे तपासायला ना हॉटस्पॉट लागतो ना दिवे.

आता माझी खरी विनवणी. डब्याच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालू नका! बटणाने बंद-चालू करणं वेगळं आणि टाचणीने रीसेट करणं वेगळं. फोनमधलं 'नेटवर्क सेटिंग रीसेट' केलं तर वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटोंना धक्का लागत नाही, तेवढं परवडलं. डब्याची टाचणी मात्र बरंच काही पुसते. त्यात आम्ही भरलेलं 'पीपीपीओई'चं नाव आणि पासवर्ड असतो, त्यावरच तुमची लाइन लॉगिन होते. तो पुसला की सगळे दिवे छान, वाय-फायचं नाव कंपनीचं जुनं, आणि नेट नाही. मग मला यावंच लागतं.

केळीपट्टा, रावेर

इथेच तर माझी तक्रार आहे, दादा. तो पासवर्ड तुम्ही गिऱ्हाइकाला कागदावर लिहून का देत नाही? पैसे आम्ही भरतो, लाइन आमच्या नावावर आहे. पासवर्ड हातात असता तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून माणसाने स्वतः भरला असता. आमच्याकडे वादळानंतर लाइनमन कधी येईल याचा नेम नसतो. तेवढ्यात पीक विम्याची मुदत निघून जाते, ई-पीक पाहणीचे फोटो अपलोड व्हायचे राहतात.

तारवाला, यावल

दिला होता. लोक काय करतात सांगू? स्वस्तातला राउटर आणतात, पासवर्ड त्यात टाकतात, कुठलंतरी बटण दाबून ठेवतात आणि बिघडलं की म्हणतात लाइन खराब. एकाने तर भावाच्या घरच्या डब्यात तोच पासवर्ड टाकला. एका वेळी एकच लॉगिन चालतं, मग दोघांचं आलटून-पालटून तुटायचं आणि दोन्ही घरांतून मला फोन. म्हणून आता नाही देत.

केळीपट्टा, रावेर

दोघांनी चूक केली म्हणून गावाला शिक्षा?

तारवाला, यावल

गावाला शिक्षा नाही भाऊ, मला थोडी झोप. तुम्हाला हवा असेल तर या ऑफिसात, सही करून घ्या. पण मग टाचणी घातल्यावर फुकट फेरी नाही.

बाई, शहादा

हे बरोबर वाटतं मला. सही करून घ्यावा. (शाळेचाही मिळेल का? शहादा तुमच्या हद्दीत येत नाही, माहीत आहे, तरी विचारते.)

पांझराकाठ, धुळे

तारवाला भो, सही करू, पन पेटीमा बॅटरी टाका ना पयले!

नवीन सदस्य, अमळनेर

सगळं वाचलं, तरी माझं अडलेलंच. दुसरा फोन चालतो, माझा हॉटस्पॉटवर चालतो, घरच्या वाय-फायवर तेवढा चालत नाही. तारीख बरोबर, प्रायव्हेट डीएनएस बंद, व्हीपीएन नाही. तुमच्या दोन परीक्षांत मी दोन्हीकडे पास आहे, मग नापास कोण?

होस्टेलवाला, जळगाव

दोष त्या एका जोडणीत. वाय-फायच्या नावावर जाऊन 'आयपी सेटिंग' बघा. 'स्टॅटिक' (हाताने पक्का केलेला पत्ता) असेल तर 'डीएचसीपी' (राउटर देईल तो पत्ता) करा. स्पीड वाढवायच्या नादात कोणीतरी पत्ता पक्का करून ठेवतं, मग तोच पत्ता राउटर टीव्हीला देतो आणि दोघं एकमेकांचं तोडतात. तिथे ठीक असेल तर नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. तरीही नाही झालं तर राउटरमध्ये तुमचा फोन कोणी 'ब्लॉक'च्या यादीत टाकलाय का बघा.

नवीन सदस्य, अमळनेर

ब्लॉकच्या यादीत होता. दहावीची परीक्षा आहे, आईने बाबांकडून टाकून घेतला होता. आता काढू देत नाहीयेत.