शेवटचा हप्ता अडकवून घर सुरक्षित होत नाही

मिस्त्रीची लेक: काल इथे एकांनी सल्ला दिला, "घराचं काम काढलंत तर तीस टक्के रक्कम शेवटपर्यंत दाबून ठेवा, कॉन्ट्रॅक्टर सरळ येतो." वाचून रात्रभर डोक्यात तेच. माझे बाबा लादी बसवायचे. काम संपल्यावर "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत यायचे, आणि सिमेंटने भेगाळलेल्या त्यांच्या बोटांना आई तेल चोळायची. अडवलेल्या पैशाची झळ आधी मजुरालाच बसते. टप्पे बांधा: तोडफोड, पाइप, प्लास्टर, लादी, रंग. टप्पा पुरा झाला, तपासला, की त्याच दिवशी पैसे. शेवटी ५-१० टक्के राखा, पण किती दिवस ते आधीच लिहा.

दगडी उंबरा: ताई, बाबांबद्दल आदर आहे. पण आम्ही प्रत्येक हप्ता वेळेवर दिला होता. अर्ध्यात कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना आणि टाइल्सवाला दारात, "माझी उधारी कोण देणार?" काही देशांत तर असा पुरवठादार थेट घरावर बोजा चढवू शकतो. पैसे दोनदा मोजायचे का आम्ही?

मिस्त्रीची लेक: नाही. म्हणून पुढच्या हप्त्याआधी दुकानदाराची आणि कारागिरांची पैसे मिळाल्याची सही घ्या. नुसत्या कॉन्ट्रॅक्टरच्या पावतीवर जाऊ नका.

रंगारी: आमचंही ऐका. "एवढा पॉइंट जरा सरकवा" म्हणत दहा कामं वाढतात आणि बिल दिलं की "हे कुठे ठरलं होतं?" वर मोजमापात दारं-खिडक्या पूर्ण वजा! चौकटीच्या कडा कोण रंगवतं मग?

दगडी उंबरा: आमच्या बिलात भिंतभर कपाटामागची भिंतही रंगवलेली दाखवली होती. कपाट हललंच नव्हतं!

रंगारी: ती लबाडीच. पण एकाने केली म्हणून सगळ्यांना चोर ठरवू नका.

निळी शाई: वजा काय करायचं ते दर ठरवतानाच लिहिलं असतं तर हे भांडण झालंच नसतं. आमच्याकडे छोट्या खिडक्या धरायच्या, मोठी दारं वजा, कडा वेगळ्या मोजायच्या असं ठरलं. टेप दोघांनी धरला, वहीवर दोघांच्या सह्या.

दगडी उंबरा: सही करून पळणारे नाहीत का? कागद नाचवत कोर्टात वर्षं घालवायची आमची ऐपत नाही. माझी आई तीन महिने अर्धवट न्हाणीघरात बादलीने अंघोळ करत होती.

मिस्त्रीची लेक: म्हणूनच झालेल्या कामापुढे पैसा जाऊ द्यायचा नाही. पळालाच, तर उरलेल्या कामाचे पैसे तुमच्याच हातात असतात.

दगडी उंबरा: बरं, एवढं पटलं. तीस टक्क्यांचा हट्ट सोडतो. पण न्हाणीघरात लादीखालच्या वॉटरप्रूफिंगवर निदान २४ तास पाणी साठवून खालचं छत कोरडं दिसेपर्यंत त्या टप्प्याचा पैसा देणार नाही.

रंगारी: नका देऊ. फक्त छत बघायला आम्हालाही बोलवा.