साठेखत, खरेदीखत, फेरफार : मालकी कोणत्या कागदाने मिळते?

कोरा कागद : पहिल्यांदाच प्लॉट घेणाऱ्याला एजंट हमखास सांगतो, 'साठेखत झालं म्हणजे जागा तुमचीच.' इसार, साठेखत, खरेदीखत, फेरफार हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. नेमका फरक काय? आणि साठेखतात 'साठा' कसला?

मोडीवाचक : साठा कसलाच नाही. शब्द मुळात साटेखत. साटं म्हणजे सौदा, देवघेवीचा ठराव. साटंलोटं त्याच घरातलं. ट चा ठ झाला आणि आता दस्तांवरही साठेखतच छापतात. खत म्हणजे लिहिलेला कागद. इसार ही सौदा पक्का केल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम. काही भागांत विसार किंवा बयाणा. विदर्भात खरेदीखताला विक्रीपत्र म्हणतात, दस्त तोच.

दस्तनोंद : एजंटचं वाक्य साफ चूक आहे. साठेखत हा विकण्याचा करार, विक्री नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे अशा कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. तुम्हाला मिळतो तो खरेदीखत करून मागण्याचा अधिकार. समोरचा फिरला तर करारपूर्तीचा दावा तीन वर्षांत लावायचा. करारात तारीख ठरली असेल तर तिच्यापासून, नसेल तर नकार कळल्यापासून. म्हणून 'मोजणी झाल्यावर खरेदी करून देऊ' असं मोघम लिहू नका. मोजणीचा अर्ज कोण करणार, फी कोण भरणार आणि खरेदीची शेवटची तारीख कोणती, हे तिन्ही लिहा.

साठेखतातली सर्वांत महाग ओळ ताब्याची : 'सदर मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना आज रोजी दिला आहे.' (लिहून देणार म्हणजे विकणारा, नवखे इथे उलटं समजतात.) ही ओळ आली की महाराष्ट्र मुद्रांक कायदा त्या साठेखताला खरेदीखतासारखंच धरतो आणि पूर्ण मुद्रांक शुल्क तेव्हाच भरावं लागतं. पुढे त्याच दोघांत खरेदीखत झालं की भरलेलं शुल्क वळतं होतं. पण ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर ताब्यासह साठेखत करून ठेवलं, तर कोर्टात तो कागद पुराव्यात घेत नाहीत. राहिलेलं शुल्क दंडासह भरल्यावरच तो पुढे सरकतो, आणि दंड महिन्याच्या हिशेबाने चढलेला असतो.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हेही पक्कं लक्षात ठेवा. नोटरी केलेलं साठेखत दुय्यम निबंधकाच्या सूची दोनमध्ये (नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत) दिसत नाही. तीच जागा दुसऱ्याला विकली गेली तर त्या दुसऱ्याला तुमचा पत्ताही नसतो.

कोरा कागद : मग फेरफार झाला की मालक?

दस्तनोंद : नाही. मालकी नोंदवलेल्या खरेदीखताने येते. दस्त सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला हजर करायचा. नोंदणी झाली की अंमल सह्यांच्या तारखेपासून धरतात. फेरफार ही महसुली दप्तरातली नोंद. नोटिसा निघतात, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तोवर सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र नोंद रद्द झाली तर कारण ताबडतोब पाहा. बरेचदा दस्तातलं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळत नाही, किंवा एखाद्या वारसाची सही राहिलेली असते. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (म्हणजे विकण्यावर सरकारी अटी असलेली जमीन) हे शब्द आहेत का, ते मात्र व्यवहाराआधीच वाचा. तिथे सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

मांडवीकाठ : गोव्यात घेणाऱ्यांसाठी : तिथे सातबारा नाही, 'एक-चौदाचा उतारा' मागा. आणि विकणारा विवाहित असेल तर जोडीदाराची सही लागते, कारण तिथल्या नागरी संहितेत पतिपत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात. कागदावर एकाचंच नाव आहे म्हणून दुसऱ्याला सोडू नका.

कोरा कागद : दस्तात 'मिळकत निर्वेध, बिनबोजा आहे' असं लिहून घेतलं तर पुरे ना?

मोडीवाचक : निर्वेध म्हणजे अडथळा नसलेली, बिनबोजा म्हणजे कर्जाचा भार नसलेली. पण हे शब्द विकणाऱ्याचं आश्वासन आहेत, पुरावा नव्हे.

दस्तनोंद : बरोबर. आश्वासन खोटं निघालं तर भरपाई मागता येते, बोजा काही जात नाही. म्हणून वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल (मिळकतीच्या जुन्या दस्तांची तपासणी) घ्या, सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना वाचा, आणि मागच्या खरेदीखताची मूळ प्रत डोळ्यांनी पाहा. बँका मूळ दस्त ठेवून घेऊन कर्ज देतात. विकणारा फक्त झेरॉक्स दाखवत असेल, तर मूळ प्रत कुठे आहे याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत इसारही देऊ नका.